दोमिएचे पॅरिस पाहण्यासाठी: 'दोमिए रजिस्टर' या संकेतस्थळाचा परिचय

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसची रोजची राहणी चित्रांतून जाणून घ्यायची असेल, तर फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए (१८०८–१८७९) याच्या सुमारे ४,००० शिळामुद्रितांना, म्हणजे दगडावर रेखाटून छापलेल्या चित्रांना, पर्याय नाही. 'दोमिए रजिस्टर' या विनामूल्य संकेतस्थळावर ती, या शिळामुद्रितांची सूची करणाऱ्या देल्तेय यांनी दिलेल्या क्रमांकांनुसार पाहता येतात.

या संकेतस्थळाचे खरे मोल चित्रांसोबतच्या मजकुरात आहे. दोमिएची बहुतेक चित्रे 'ल शारिवारी' या दैनिकात छापली जात. १८३५ च्या कायद्यांनी राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसवल्यावर त्याची नजर वकील, भाडेकरू, घरमालक, सेन नदीत डुंबणारे मध्यमवर्गीय यांच्याकडे अधिक वळली. त्या दिवसांतील वाचकाला न सांगता कळणारे संदर्भ आज आपल्याला कळत नाहीत; येथे मात्र चित्राखालील संवादाचा इंग्रजी अनुवाद, प्रकाशनाची तारीख आणि पार्श्वभूमी दिलेली असते. १८५३ मधील एका चित्रात पाडल्या जाणाऱ्या इमारतीकडे पाहत एक गृहस्थ संतापून पत्नीला सांगतो, की ती उघडी पडलेली खोली म्हणजे आपल्या लग्नानंतरची खोली. त्याच वर्षी ओस्मान पॅरिसचा प्रशासक झाला आणि जुन्या वस्त्या पाडण्याला जोर आला, हे ठाऊक असले म्हणजे त्या गृहस्थाचा संताप केवळ हसण्यावारी नेता येत नाही. पुनर्विकासात आपली चाळ पडताना पाहिलेल्या मुंबईकराला तर तो सहज समजेल.

उणीव एकच जाणवते, आणि ती पडद्यावरच्या कोणत्याही प्रतिमेची आहे. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्रकार स्वतःच रेखाटतो, मध्ये कोरणारा कारागीर नसतो, म्हणून हाताचा दाब आणि खडूचा कण थेट कागदावर उतरतो; तो पोत पडद्यावर पुरेसा दिसत नाही. त्यातच वर्तमानपत्रातील प्रतींमध्ये पाठच्या बाजूचा मजकूर पुढे उमटतो. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काढलेली मूळ प्रत एखाद्या संग्रहालयात पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

प्रथमच येणाऱ्यांनी क्रमांकाने शोधण्यापेक्षा मालिकांपासून सुरुवात करावी. 'भाडेकरू आणि घरमालक' ही मालिका सर्वांत आधी उघडावी, वकिलांची त्यानंतर.