दारू आणि मेंदू: तयार ॲनिमेशन दाखवावं की मुलांकडून करून घ्यावं?

आठवी-नववीसाठी वेळ पाहिला तर तयार फिल्म एका तासिकेत बसते. मुलांनी मातीच्या मेंदूपेशी थोड्या-थोड्या हलवून दरवेळी फोटो काढत केलेली स्टॉप-मोशन फिल्म सेकंदाला 12 चित्रं धरली तर 30 सेकंदांसाठी 360 फोटो मागते. मोबाइलचा फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. खर्च दोन्हीकडे किरकोळ.

खरा फरक समजेत पडतो. पेशी पटापट मरताना दाखवणारी फिल्म सरळ बाजूला ठेवा. दारू आधी संदेशवहन बिघडवते: गाबा या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाचा ब्रेक जोरात लागतो, ग्लुटामेट या पेशींना चेतवणाऱ्या रसायनाचा संदेश दबतो. पेशी स्वतः हलवणाऱ्या मुलीला संदेश नेमका कुठे अडला हे ठरवावंच लागतं. हिप्पोकॅम्पस या आठवणी नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागात अडला, तर आठवण नोंदलीच जात नाही.

साठ मुलांच्या वर्गाला तयार फिल्म बरी, पण अधूनमधून थांबवून प्रश्न विचारा. विज्ञान मंडळाच्या छोट्या गटाकडून मात्र करूनच घ्या.