टिक वाजला म्हणून मी पैसे दिले

रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा, एक ‘टिक’ मला १९,००० रुपयांना पडला. पैसे गेले ते गेलेच. पण मला फसवणारा विक्रेता अजून धंद्यात आहे, म्हणून हे लिहितोय.

आमच्या घरी लहानपणी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा (ट्यूबचा) रेडिओ होता. बटण फिरवलं की आधी नुसती डायलची पिवळी पट्टी उजळायची. आवाज यायला अर्धा मिनिट, तोवर बातम्यांची पहिली ओळ निघून गेलेली. निवृत्त झाल्यावर डोक्यात घेतलं की व्हॉल्व्हचा प्रीॲम्प, म्हणजे मुख्य ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणारा डबा, स्वतः बांधायचा. मुंबईत सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडच्या चार खेपा झाल्या, बेस आणले, टॅगस्ट्रिप आणल्या. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बारीक सोल्डरिंग नकोसं झालं आणि तेवढ्यात ती जाहिरात दिसली. ‘हाताने बांधलेला ट्यूब प्रीॲम्प, ओरिजिनल मुलार्ड, टर्न-ऑन डिलेसहित.’

मुलार्ड म्हणजे नावाजलेले जुने इंग्लिश व्हॉल्व्ह, पण डिले हा शब्द वाचून मी विरघळलो. ज्याला डिलेचं महत्त्व कळतं त्याला बाकीचंही कळत असणार, असा माझा हिशोब. व्हॉल्व्हचा फिलामेंट, म्हणजे आतली तार, तापायला वेळ घेतो, एसीचा डीसी करणारं डायोडचं रेक्टिफायर काही त्याच्यासाठी थांबत नाही. स्विच टाकल्याबरोबर ३०० व्होल्टच्या घरातला डीसी हजर. गार व्हॉल्व्ह करंट ओढत नाही, म्हणून व्होल्टेज पार टोकाला जाऊन बसतं. मग व्हॉल्व्ह जागे होतात आणि प्लेटचं व्होल्टेज खाली घसरतं. चढताना एक आणि उतरताना एक, असे दोन्ही झटके आउटपुटच्या कंडेन्सरमधून पुढच्या ॲम्पला आणि तिथून स्पीकरला. हे सगळं शांत होईपर्यंत आउटपुट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, धरून ठेवायचं काम रिलेचं.

कल्याणच्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत त्याने मला डेमो दिला. चाळिशीचा, बोलायला गोड. स्विच टाकला, लाल एलईडी लागला. “काका, आता घड्याळ बघा.” बघितलं. पन्नास सेकंदांच्या आसपास आतून स्वच्छ ‘टिक’, एलईडी हिरवा, आणि मग त्याने आवाजाचं बटण वर केलं. मग वर केलं, हे महत्त्वाचं. तोपर्यंत ते शून्यावर होतं आणि मी बघत होतो घड्याळाकडे! गाणं छान वाजलं. ५,००० ॲडव्हान्स आधीच यूपीआयने गेले होते, उरलेले १४,००० रोख मोजले. बिल मागितलं तर म्हणाला, “काका, बिलाचे अठरा टक्के वर होतील, तुमच्यासाठी नको.” मलाही तेव्हा ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वरच्या झाकणाच्या चारही स्क्रूंवर लाल लाखेचे ठिपके होते. “सील आहे. उघडलंत तर गॅरंटी गेली.”

घरी पहिल्याच दिवशी स्विच टाकला आणि स्पीकरमधून ‘धप्प’. वूफरचा कोन पुढे आलेला डोळ्यांनी दिसला. स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, काय पाडलंत?” पन्नास सेकंदांनी इमानदारीत ‘टिक’. वरात निघून गेल्यावर बँड वाजावा तसा. फोन केला तर म्हणे व्हॉल्व्हचा स्वभाव असतो, मुरू द्या. महिनाभर मुरू दिला. दरम्यान घूं असा हम वाढत गेला, आणि एक दिवस अनवाणी पायाने डब्याला हात लागला तेव्हा बोटांना मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर पेटला. मग मात्र लाख खरवडली.

आत हात घालायच्या आधी प्लग काढून दहा मिनिटं थांबलो, एक हात खिशात ठेवून मीटर लावला, तरी वीज साठवणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर १८० व्होल्ट शिल्लक होते. ब्लीडर रेझिस्टर लावलेलाच नव्हता. कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा एक रेझिस्टर टाकला असता तर ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिनिटाभरात रिकामा झाला असता. पाच-दहा रुपयांची वस्तू. हौसेपोटी झाकण उघडणाऱ्यांनो, आधी मीटर, मग बोट.

आता त्या डिलेबद्दल. बोर्ड सुबक होता. ५५५ टायमरची चिप, वेळ ठरवायला १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, दोघांचा गुणाकार १.१ ने गुणून ५२ सेकंद, हिशोब चोख. रिलेच्या कॉइलला दोन वायरी. आणि काँटॅक्टचे तीन पाय? कोरे. त्यांना कधी सोल्डर लागलंच नव्हतं, कारखान्यातून आले तसे चकचकीत. आउटपुटची वायर कंडेन्सरपासून सरळ मागच्या सॉकेटला गेलेली, रिलेच्या अंगाला न शिवता. रिले फक्त टिक करायला आणि एलईडीचा रंग बदलायला ठेवला होता. मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो. टायमर बसवण्याइतकं ज्ञान आणि कष्ट होते, तर आणखी चार वायरी जोडायला काय झालं होतं?

अर्थिंगचं तसंच. हिरवी वायर होती, लग होता, स्क्रूही घट्ट होता, पण पावडर कोटिंगच्या रंगावरून आवळलेला. प्लगची वरची जाडी पिन आणि डब्याचा उघडा पत्रा यांच्यामध्ये मीटर काही दाखवीना. हा अर्थ फक्त फोटोत दिसणारा. फिलामेंटच्या वायरी पीळ न देता इनपुटवरून आडव्या गेल्या होत्या, ग्राउंड चार ठिकाणी डब्याला टेकवलेला, हम का येणार नाही?

फिल्टर कंडेन्सरवर ‘४५० व्होल्ट’. एकाचं डोकं फुगलेलं दिसलं म्हणून काढला, ब्लेडने वरचं प्लॅस्टिक चिरलं. आत आणखी एक वेष्टण निघालं, त्यावर २५० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी, म्हणजे बाहेर देणारी बाजू, २२० व्होल्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह गार असताना एसीच्या टोकाइतके ३११ व्होल्ट. तो फुटला नाही हे माझं नशीब.

राहिले मुलार्ड. बोटाला ओल लावून घासलं तर पांढरं नाव पुसलं गेलं. यावरून लगेच निकाल देऊ नका, अस्सल मुलार्डचंही नाव सहज पुसलं जातं. काचेवर खाली कोरल्यासारखा फिकट करडा कोड असतो, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला असेल तर दुसऱ्या ओळीची सुरुवात बी या अक्षराने. माझ्या व्हॉल्व्हवर तो नव्हता. मग आरशावर टाकतो तसा काचेवर श्वास टाकला. वाफेत जुन्या, पुसलेल्या छाप्याची सावली उमटली: बीईएल.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते. आमच्या त्या रेडिओतही बीईएलचेच होते. त्या गृहस्थाने चांगल्या व्हॉल्व्हचं खरं नाव पुसून त्यावर विलायती नाव छापलं होतं. खरं नाव सांगून विकले असते तरी मी आनंदाने घेतले असते. ते दोन्ही व्हॉल्व्ह अजून ठणठणीत आहेत, तेवढेच काय ते हाती लागले.

त्याचा फोन एव्हाना बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला, पहिला प्रश्न बिलाचा. पुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

शेवटी भिंग लावून, रोज एक तास, मीच वायरिंग पुन्हा केलं. रंग खरवडून अर्थ दिला, फिलामेंटच्या वायरींना घट्ट पीळ घालून डब्याच्या कोपऱ्यातून नेल्या, कंडेन्सर बदलले, ब्लीडर टाकला. रिलेचा वीज नसताना जोडलेला राहणारा काँटॅक्ट आउटपुट आणि ग्राउंडमध्ये घातला, वीज गेली की आउटपुट आपोआप गप्प. कोणी म्हणालं की डिलेने हाय व्होल्टेजच तोडा, तर रिलेच्या अंगावरचं वाचा. साध्या चौकोनी रिलेवर एसी २५० लिहिलेलं असतं, पण डीसी फक्त ३०. तीनशे व्होल्ट डीसी तोडायला गेलात तर आत ठिणगी धरून बसते.

परवा तशीच जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, पण टेबलावरचं आंब्याच्या कोयऱ्यांचं मेणकापड तेच आणि चार स्क्रूंवर लाखेचे चार ठिपके. किंमत २४,०००. या खेपेला व्हॉल्व्ह जर्मन टेलिफुंकेनचे. टेलिफुंकेनच्या काचेच्या तळाशी, पिनांच्या मध्ये, साच्यातच उमटलेला पत्त्यातल्या चौकटसारखा आकार असतो. मी मुलाच्या फोनवरून निरोप पाठवला: तळाचा एक फोटो द्या, आणि झाकण उघडून रिलेचा एक. दोन निळ्या टिका आल्या. फोटो आला नाही.