आयव्हीआयजी डे-केअर, पुणे : सिस्टर लोकांना पाच स्टार, वेटिंग एरियाला एक

नवऱ्याला सीव्हीआयडी आहे, म्हणजे अंगात अँटीबॉडीज पुरेशा तयारच होत नाहीत, त्यामुळे दर चार आठवड्यांनी आयव्हीआयजी (दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज, शिरेतून देतात) चढवायला एका मोठ्या हॉस्पिटलच्या डे-केअरला जावं लागतं. नाव टाकत नाहीये, कारण अर्धा रिव्ह्यू तक्रारीचा आहे आणि पुढच्या महिन्यात परत तिथेच जायचंय 😄

आधी चांगलं सांगते. सिस्टर एक नंबर. बाटली फ्रीजमधून काढून आधी नॉर्मल टेंपरेचरला येऊ देतात, कोणी हलवली तर ओरडतात (फेस होतो), सुरुवातीला एकदम हळू सोडतात, बीपी बघत बघत मग स्पीड वाढवतात, आणि बॅच नंबरचं स्टिकर न विसरता फाईलला लावतात. ताप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई लावत नाहीत, कारण इन्फेक्शन चालू असताना रिअॅक्शन जास्त येतात.

आता वेटिंग. डे-केअर आणि छातीच्या ओपीडीची बसायची जागा एकच!! पावसाळ्यात तिथे नुसता खोकला. वेगळं बसवा म्हटलं तर रिसेप्शनवाली म्हणते, अहो ते अँटीबॉडीच घ्यायला आलेत ना, मग कशाला घाबरताय.

बाई, तसं नसतं. बाटलीत हजारो डोनरच्या प्लाझ्मातली आयजीजी (एक प्रकारची अँटीबॉडी) असते, ती रक्तात जाते आणि त्याने न्यूमोनिया खरंच कमी होतात, आमच्याकडे फरक दिसलाय. पण नाकाघशात पहारा देणारी दुसरी अँटीबॉडी, आयजीए, त्यात जवळपास नसतेच, त्यामुळे सर्दीचे व्हायरस आरामात घुसतात आणि मुक्काम ठोकतात. फिनलंडच्या एका अभ्यासात अशा पेशंटच्या नाकात रायनोव्हायरस (सर्दीचा नेहमीचा व्हायरस) सरासरी 40 दिवसांच्या आसपास सापडत राहिला, धडधाकट मोठ्या माणसांत 10 च्या आसपास, आणि हे इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अशाच अँटीबॉडीजचे डोस) चालू असताना. आणि नुसती सर्दी असती तरी चाललं असतं, पण त्यावर बॅक्टेरिया बसतात, सायनस भरतं, छाती भरते, असं वारंवार झालं की श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात, त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात, ते परत नीट होत नाही.

अजून एक. ताप-खोकल्यात तिथल्या ज्युनियर डॉक्टरने अँटीबॉडी टेस्ट लिहून दिली. आयव्हीआयजी चालू असलेल्या माणसाची! डोनरच्याच अँटीबॉडीज दिसणार ना त्यात. मोठ्या डॉक्टरांनी ती खोडून नाकाचा स्वॅब घेऊन पीसीआर करायला सांगितलं, तेव्हा कुठे व्हायरस कळला.

खर्च वजनावर आहे. किलोला 400 मिलिग्रॅम धरलं तरी 65 किलोला 26 ग्रॅम होतात, आणि डोस त्याहून जास्तही असतो, बिल बघून पोटात गोळा येतो. कॅशलेसचं काम मात्र इथे पटकन होतं, हे मान्य.

जाणार असाल तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या, ओपीडी भरायच्या आत बेडवर पोचता येतं. एन-95 काढू नका. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन घ्या, आम्ही सासूबाईंसकट घेतो. आणि फार्मसीला दोन दिवस आधी फोन करून नेहमीचाच ब्रँड ठेवायला सांगा, ऐनवेळी दुसरा हातात देतात आणि ब्रँड बदलला की डोकेदुखी, थंडी वाजणं वगैरे त्रास व्हायचे चान्सेस वाढतात.