एफ-५० नेल गन: काही महिने वापरल्यानंतर

माझ्याकडची हवेच्या दाबावर खिळे मारणारी गन एफ-५० प्रकारची आहे. तिच्यात १८ गेज जाडीचे, १५ ते ५० मिमी लांबीचे ब्रॅड म्हणजे बारीक, लहान डोक्याचे खिळे बसतात. कपाटांची मागची प्लाय, कडेच्या पट्ट्या, मोल्डिंग या कामांना ती पुरते. वजन पेलायच्या सांध्यात मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये. फेविकॉल सुकेपर्यंत सांधा धरून ठेवणं, एवढंच ब्रॅडचं काम.

कामाचा वेग वाढतो हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण गन घेताना मी वेगापेक्षा ट्रिगर आधी बघेन. काही गनमध्ये ट्रिगर दाबून ठेवला की गनचं नाक म्हणजे पुढचं टोक टेकेल तिथे खिळा सुटतो. धक्क्याने गन उसळून पुन्हा टेकली तर नको असलेला दुसराही सुटतो. सीक्वेन्शियल ट्रिगरमध्ये आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर दाबायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा सुरुवात. अमेरिकेतल्या ओशा आणि नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थांची २०११ ची मार्गदर्शिका हाच प्रकार सर्वांत सुरक्षित मानते. फर्निचरच्या कामात त्याने काही फार वेळ जात नाही. नाक टेकल्याशिवाय खिळा सुटू न देणारी सेफ्टीच नसलेली गन तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

दुसऱ्या हाताचं काय करायचं, हा प्रश्न रोजचा. लाकडात गाठ लागली की बारीक खिळा आतल्या आत वळतो आणि भलत्याच बाजूने बाहेर येतो. त्याच मार्गदर्शिकेत हात किमान १२ इंच लांब ठेवायला सांगितलंय. लहान पट्टी हातात धरून हे जमणारच नाही, म्हणून ती क्लॅम्पने धरायची. क्लॅम्प लावायचा कंटाळा येतो, हे मान्य. पण बोटं नाकाजवळ नेण्याला दुसरा पर्याय तोच आहे.

खिळा अडकला की आधी होस म्हणजे हवेचा पाइप काढायचा, मग खिळे भरायचं मॅगझिन उघडायचं. इथे होस गनला जोडणाऱ्या कपलरची एक गोम आहे. गनच्या बाजूला साधी नळी म्हणजे प्लग हवा आणि आपोआप बंद होणारा कपलर होसच्या बाजूला. उलटं जोडलं तर होस काढल्यावरही गनमध्ये हवा कोंडून राहते आणि एक खिळा सुटू शकतो. नवी गन आली की पहिल्यांदा हेच तपासा.

दाब मी ७० पीएसआयपासून सुरू करतो. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघायचं, डोकं वर राहिलं तर थोडा थोडा वाढवायचा. गनवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही. हवा कॉम्प्रेसरचीच हवी. ऑक्सिजनचा किंवा दुसऱ्या कुठल्याही गॅसचा सिलिंडर जोडला तर स्फोट होऊ शकतो.

देखभाल फारशी नाही. काम सुरू करताना हवेच्या तोंडात एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब, आणि काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढणं. ते साचू दिलं तर टाकी आतून गंजते आणि पाणी गनपर्यंत येतं.

एक तक्रार आहेच: आवाज. बंद खोलीत तो कानात घुमतो, त्यामुळे चष्म्याइतकेच कानाचे मफही लागतात. माझ्या गनसोबत आलेला चष्मा कडेने उघडा होता, तो मी पहिल्याच दिवशी बदलला.