मनिला हेंपची जोडचित्रं: जुनं कार्ड घ्यावं की स्कॅनवर भागवावं?

जोडचित्र म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेले दोन फोटो शेजारी-शेजारी; प्रत्येक डोळ्याने एकेक बघितला की चित्राला खोली येते. फिलिपिन्समधल्या जुन्या धंद्यांची अशी जोडचित्रं बघायला दोन वाटा आहेत. अंडरवुड अँड अंडरवुड किंवा कीस्टोन या जुन्या अमेरिकी कंपन्यांची मूळ कार्डं घेऊन स्टिरिओस्कोपला, म्हणजे दोन भिंगांच्या दर्शकाला, लावायची, नाहीतर लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संग्रहातली स्कॅन उतरवून, दोन्ही फोटो लाल-निळ्या रंगांत एकावर एक बसवून, लाल-निळ्या चष्म्यातून बघायची. मी दोन्ही केलंय.

स्कॅन फुकट मिळतं आणि हवं तेवढं मोठं करता येतं. मनिलाच्या कारखान्यात चिरूट वळणाऱ्या बायकांच्या मागच्या रांगेतले चेहरे मला स्कॅनमध्येच नीट दिसले. कुणाला अभ्यासासाठी हवं असेल तर एवढं बहुधा पुरेल. कार्डं मात्र महाग पडतात, कधीकधी कार्डापेक्षा टपालच जास्त, आणि बरीचशी फिकी झालेली असतात. अंडरवुडच्या निगेटिव्ह पुढे कीस्टोननेच विकत घेतल्या, त्यामुळे तेच चित्र दोन नावांखाली गळ्यात पडू शकतं.

माझं गाडं अडलं ते अबाकावर. अबाका म्हणजे मनिला हेंप, दोरखंडाचा धागा देणारी आपल्या केळीचीच चुलत बहीण. खोडाच्या सोपटाच्या पट्ट्या लाकडी ठोकळा आणि त्यावर दाबलेलं पातं यांच्यामधून ओढायच्या. गर मागे राहतो, धागा पुढे येतो. सपाट फोटोत पातं कुठे आणि धागा कुठे हेच उमगत नाही, म्हणून तर जोडचित्र हवं. पण लाल-निळ्या चष्म्याला नेमका हाच विषय सोसत नाही. काळ्या झाडीपुढे पांढरे धागे आले की प्रत्येकाला एक भुताटकी जुळा फुटतो. वाळत घातलेल्या हेंपचं तर नुसतं जाळं होतं. चष्मा बदलला, स्क्रीनचा उजेड कमी केला, चित्र करडं केलं. थोडा फरक पडला, जुळे गेले नाहीत.

कार्डात ही भानगडच नाही, प्रत्येक डोळ्याला त्याचं वेगळं चित्र मिळतं. धागा पात्याखालून निघून माणसाच्या मुठीपर्यंत कसा ताणलाय, ते पहिल्यांदा तिथेच कळलं. आता ही कार्डं १८९८ नंतरच्या अमेरिकी सत्तेत, अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी निघालेली. माणसं बरेचदा सांगून उभी केलेली वाटतात. पण तो दोष स्कॅनमध्येही तसाच उतरतो.

तुमचे डोळे कदाचित माझ्याइतके चिकित्सक नसतील. तरी अबाका किंवा विणकामाचं एखादं कार्ड घेऊन बघाच. स्टिरिओस्कोप नव्या बनावटीचा चालेल. बजेट नसेल तर स्कॅन सात इंच रुंद छापून त्यातच लावा, चष्म्यापेक्षा बरं दिसतं. फक्त रंगीत छापील कार्डं टाळा. भिंगातून आधी छपाईचे ठिपकेच दिसतात.