जिनसेंग फायकस की भिंतीतला वड?

मुंबईत बोन्साय म्हणून सर्रास विकला जातो तो जिनसेंग फायकस. गुबगुबीत मुळं, वर पानांचा झुपका, खाली चकचकीत कुंडी. गोंडस दिसतो, गॅलरीत टिकतोही. पण ती मुळं मातीत फुगवून मग उघडी केलेली असतात आणि वरची बारीक पानांची फांदी बहुधा कलमाची. निरखून बघा: बटाट्यासारख्या मुळातून एकदम काडीएवढ्या फांद्या! मधलं खोड जवळजवळ नाहीच.

दुसरा पर्याय फुकटचा. इमारतीच्या पॅरापेटवर, पाइपाच्या सांध्यात उगवलेला वड पावसाळ्यात मुळांसकट अलगद सोडवायचा (सोसायटीवाले दुवाच देतील). मग काही वर्षं कात्री. बुंधा जाड, शेंड्याकडे निमुळता. मुळं चहूबाजूंनी माती धरून बसलेली. फांद्या ॲल्युमिनियमच्या तारेनं वळवलेल्या. पावसाळ्यात फांदी भराभर जाडावते, तार सालीत रुतते. तेव्हा ती उलगडत बसायचं नाही, तुकडे करून काढायची. आपल्या दमट हवेत पारंब्याही सुटतात, ही चैन कोरड्या गावात तितकी नाही.

वडाची अडचण पानांची. सशक्त झाडाची पानं खुडली की नवी लहान येतात, तरी पसरट कुंडीत ती मोठीच वाटतात. त्या बाबतीत लहान पानांचा नांद्रुक (जिनसेंग फायकस ज्याचा बनवतात तेच झाड) सरस.

माझं मत वडाला. नुसतं खुजं झाड मला बोन्साय वाटत नाही; समोरून पाहताना ते जुनं, वाऱ्यापावसात वाढलेलं वाटायला हवं. जिनसेंगही छाटून, खोड घडवून तिथवर नेता येतो, पण दुकानातल्या कुंडीला कलाकृतीची किंमत मोजू नका.