मॅकशेनचा वाचनतक्ता: रोजचे चार अध्याय, आठ महिन्यांनंतर

जानेवारीपासून आमच्या घरी रॉबर्ट मरे मॅकशेन यांच्या तक्त्याप्रमाणे बायबल वाचन चालू आहे. आता सप्टेंबर लागला. मंडळीतल्या (चर्चमधल्या) बऱ्याच जणी विचारतात, "जमतं का गं तुला रोज एवढं?" एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं इथेच लिहिते. तक्ता फार चांगला आहे. पण सगळ्यांना झेपेल असा नाही, आणि सकाळी एक गोड वचन वाचून घराबाहेर पडायची सवय असेल तर पहिले दोन महिने जड जातील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅकशेन हे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. 1842 च्या शेवटी त्यांनी आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा तक्ता तयार केला. (त्याच 1842 मध्ये इकडे अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं.) पुढच्या मार्चमध्ये ते वारले, वय अवघं 29. तक्त्यात रोज चार अध्याय, चार वेगवेगळ्या ठिकाणचे. पहिले दोन कुटुंबाने मिळून वाचायचे, उरलेले दोन एकट्याने. वर्षभरात जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. खर्च म्हणाल तर शून्य. मी इथे सोलापुरात नव्या पेठेत दोन कागदांवर प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतलं, तेवढाच काय तो.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात. माझं माहेर मराठी, सासर तेलुगू. मामा म्हणजे माझे सासरे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. ते तेलुगू बायबल वाचतात, आम्ही मराठी. आधी घरच्या प्रार्थनेत ज्याला जे सुचेल ते वाचायचं, आणि सुचायचं नेहमी तेच: स्तोत्र 23, स्तोत्र 91, स्तोत्र 121. तक्त्यामुळे हे थांबलं. आता जेवणं झाली की दोन अध्याय होतात. एक मी किंवा मुलगा मराठीत वाचतो, एक मामा तेलुगूत, बाकीचे आपापल्या पुस्तकात बोट ठेवून बसतात. मामांचे डोळे थकले की मोबाईलवर ऑडिओ लावतो. उरलेले दोन मी पहाटे, सगळे उठायच्या आधी. अध्याय लांब नसतील तर चारांना मिळून वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. पाण्याच्या दिवशी मात्र पहाटेचं वाचन कोलमडतं. सोलापुरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नळ कधी येईल त्यावर घरातली प्रत्येक गोष्ट ठरते, त्यात वचनही आलं.

खरी गंमत आहे ती चार अध्याय शेजारी-शेजारी येण्यात. तक्ता करणाऱ्याने विषय जुळवलेले नाहीत, बायबलमधली पुस्तकं नुसती ओळीने पुढे सरकत राहतात. तरी काही दिवस असे येतात की वाचणारा चकित होतो. 28 फेब्रुवारीचं उदाहरण घ्या. निर्गम 11 आणि 12 मधला वल्हांडण (मिसर म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटण्याच्या रात्रीचं इस्राएली लोकांचं जेवण), लूक 14, ईयोब 29 आणि 1 करिंथ 15. लूक 14 मध्ये प्रभू येशू म्हणतात, बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील. माझं कामच हिशेबाचं, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, म्हणून हा भाग मला कायम टोचायचा. शिष्य होण्याची किंमत मी भरू शकणार का, असं वाटून तो अध्याय मी लवकर उरकायची. त्या दिवशी वल्हांडण आधी वाचला. कोकरू कापलं जातं, रक्त दाराच्या चौकटीला लागतं, आणि ही माणसं अजून मिसरातच आहेत. अजून एक पाऊलही चालली नाहीत. पण तेच जेवण कंबर कसून, पायात जोडे घालून, हातात काठी धरून खायचं आहे. म्हणजे वाचवणारं कोकरू आणि चालायची तयारी, दोन्ही एकाच पंगतीत. तारण (पापातून सुटका) आधी की आज्ञापालन आधी, या वादावर मी तरुण संघात तासन्‌तास बसलेली आहे. त्या वादातून जे हाती लागलं नव्हतं ते या दोन अध्यायांच्या शेजारामुळे लागलं. बुरुजाचा हिशेब आता मी घाईने उरकत नाही, कारण तो हिशेब वाचवल्या गेलेल्या माणसाला करायला सांगितलाय.

13 मार्च हा तसाच दिवस. निर्गम 24 मध्ये मोशे कराराचं रक्त लोकांवर शिंपडतो, योहान 3 मध्ये निकदेम रात्री येशूकडे येतो, ईयोब 42 मध्ये ईयोब म्हणतो की आजवर तुझ्याविषयी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं, आणि 2 करिंथ 12 मध्ये पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघत नाही पण कृपा पुरते. योहान 3 मध्ये मोशेने उंच केलेल्या सापाचा उल्लेख येतो, तो साप गणना 21 मध्ये भेटतो थेट मे महिन्यात. माझ्या मुलीने तेव्हा उडी मारली, "आई, हा तोच ना?" ती पाचवीत आहे.

लेवीय या यज्ञांच्या नियमांच्या पुस्तकाबद्दल सगळे घाबरवतात. मी सांगते, घाबरू नका. तक्त्यात लेवीय सुरू झालं की दुसऱ्या रांगेत लगेच स्तोत्रे सुरू होतात, त्यामुळे सोलापूरच्या एप्रिलमध्ये, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, होमबलींच्या वर्णनातही श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय एप्रिलच्या मध्यात लेवीय 16, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि दोन-तीन आठवड्यांनी नव्या करारातलं इब्री 9. वर्षातून एकदा याजक रक्त घेऊन पडद्याच्या आत जातो हे ताजं असताना इब्री वाचलं, तर ख्रिस्ताच्या अर्पणाबद्दलच्या 'एकदाच' या शब्दावर थांबावंच लागतं. आधी मी इब्री सुटं वाचलं होतं. ते एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं होतं, समोरचा फोनवर काय म्हणतोय ते कळतच नव्हतं.

आता वचनांच्या डबीबद्दल. आपल्या बहुतेक घरांत असते ती, रंगीत कार्डांची. सकाळी एक कार्ड काढायचं. माझ्या सासूबाई ती डबी विड्या वळायच्या सुपाशेजारी ठेवायच्या, त्यामुळे तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण यिर्मया 29:11 आम्ही किती वेळा काढलं असेल! देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत, आशा आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला तक्त्यात अख्खा यिर्मया 29 आला. ते पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत, असं त्यात आधी सांगितलंय, आणि मग अकरावं वचन. आदल्या दिवशीच्या अध्याय 28 मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगत फिरतो, आणि तो खोटा ठरतो. आमच्या डबीतलं कार्ड आम्ही हनन्याच्या आवाजात वाचत होतो. मामा त्या रात्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गिरणी बंद पडली तेव्हा हे पत्र कुणी वाचून दाखवायला हवं होतं.

तक्रारी आहेतच. पहिली, दुसऱ्याच दिवशी म्हणजे 2 जानेवारीला एज्रा 2 येतो, नुसती नावांची यादी. उत्साहाने सुरुवात करणाऱ्याची तिथेच परीक्षा. नहेम्या 3 ही यादीच, पण ती मुलांना आवडली, कारण कोणी कुठला दरवाजा बांधला ते त्यात आहे आणि तो अध्याय बरोबर गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत आला. किल्ल्याच्या तटाजवळून जाताना मुलगा विचारत होता, यातला कुठला भाग कुणी बांधला असेल. दुसरी तक्रार, अध्यायांची लांबी सारखी नाही. गणना 7 मध्ये 89 वचनं आहेत, आणि बारा सरदार बारा दिवस तंतोतंत तेच अर्पण आणतात. कामावरून दमून आल्यावर हे मोठ्याने वाचायचं म्हणजे कठीण. तिसरी, सणांचा काही मेळ नाही. 25 डिसेंबरच्या रकान्यात बघा: प्रकटीकरण 16, क्रोधाच्या सात वाट्या. नाताळच्या सकाळी! त्या दिवशी आम्ही लूक 2 वाचणार, तक्त्याची परवानगी न घेता. परवा यहेज्केल 4 आला. देव संदेष्ट्याला दुर्दशेची खूण म्हणून शेवटी गाईच्या शेणावर भाकर भाजू देतो. मामा म्हणाले, यात दुर्दशा काय, आमच्या लहानपणी गोवऱ्यांवरच भाकरी व्हायच्या. त्या दिवशीचं मनन तिथेच संपलं.

सगळ्यात महत्त्वाचा धोका मॅकशेन यांनी स्वतःच लिहून ठेवलाय. तक्त्यासोबतच्या पत्रात ते चार धोके सांगतात: वाचन नुसती रीत होणं, आपण धार्मिक आहोत असं वाटू लागणं, लक्ष न देता वाचणं, आणि जू फार जड होणं. दुसरा धोका मला जवळून दिसला. एका बायबल अ‍ॅपवर हाच तक्ता लावला होता, ते रोज सांगायचं की तुमची मालिका अखंड चालू आहे, आणि मित्रमंडळींना दाखवायचं बटणही द्यायचं. मी ते अ‍ॅप काढून टाकलं. कागदावरही टिक करायला जागा ठेवलेली नाही. दिवस चुकला तर चुकला. थकबाकी भरायची नाही, आजच्या तारखेवर यायचं. हा नियम पाळला नाही तर मार्चपर्यंत तक्ता कपाटात जाईल. तुम्हाला हे ओझं वाटत असेल तर ही बेडी फेकून द्या आणि देवाच्या बागेत मोकळेपणाने चरा, असं खुद्द मॅकशेनच म्हणतात.

कोणासाठी नाही? नुकत्याच विश्वासात आलेल्यांसाठी नाही, असं माझं मत. त्यांनी आधी मार्क किंवा योहान सावकाश, कुणाबरोबर तरी बसून वाचावं. परीक्षा असलेल्या मुलांवर चार अध्याय लादू नका. माझा मुलगा नववीत आहे, तो रात्रीच्या दोन अध्यायांना बसतो, बस्स. आणि मनन म्हणजे एका वचनावर तासभर थांबणं असं ज्यांना वाटतं त्यांना हा वेग खटकेल. मी यावर तोडगा असा काढला: चारही अध्याय वाचायचे, पण वहीत एकाच अध्यायाबद्दल दोन-तीन ओळी लिहायच्या. कुठला, ते त्या दिवशी ठरतं. फिलिप्पै 2 च्या दिवशी बाकीच्या तिन्हींबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही.

मंडळीतल्या आम्ही काही जणी आता हाच तक्ता वाचतो. ग्रुपवर लांबलचक संदेश टाकायचे नाहीत असं ठरलंय, फक्त प्रश्न टाकायचे. रविवारी उपासनेनंतर चहा घेताना नाबाल आणि अबीगईल या नवरा-बायकोवर (1 शमुवेल 25) जी चर्चा झाली, तशी या आधी आमच्यात कधी होत नव्हती. सगळ्यांनी तोच अध्याय त्याच आठवड्यात वाचलेला असतो, हेच कारण.

सुरुवातीला 1 जानेवारीची वाट बघू नका. आजची तारीख काढा आणि तिथून सुरू करा, राहिलेलं पुढच्या वर्षी येईलच. चार जमत नसतील तर एका वर्षी पहिल्या दोन रांगा घ्या, पुढच्या वर्षी उरलेल्या दोन, दोन वर्षांत पुरं होईल. प्रिंट हवी असेल तर रविवारी माझ्याकडे जास्तीच्या प्रती असतात. वयस्करांसाठी अक्षर मोठं करून घ्या, नेहमीच्या आकारात आकडे फार बारीक येतात.